होटगी रोडचं समुपदेशन सेंटर : पोराला नाही, आईबाबांना घेऊन जा

सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सोलापूर लहान आहे, उगाच कोणी तिथल्या समुपदेशक मॅडमच्या दारात जाऊन तमाशा करायला नको. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मेसेज करा, सांगते.

माझा धाकटा भाऊ गे आहे. पुण्यात नोकरीला असतो, तिथंच पार्टनरसोबत राहतो. दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं स्वतःहून सांगितलं आणि मग घरात जे काही झालं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना वेगळं सांगायला नको. बाबांचं एकच पालुपद, हे पुण्याला गेल्यावर लागलेलं खूळ आहे, लोक दारू सोडतात मग हे का सुटणार नाही, मनावर घेतलं की झालं. आईनं तर जेवायला वाढताना सुद्धा त्याच्याकडं बघणं सोडलं होतं.

आधी एका नातेवाइकाच्या ओळखीनं एका डॉक्टरकडं गेलो होतो. भावाशी धड दोन वाक्यं न बोलता त्यांनी गोळ्या-इंजेक्शनचा कोर्स सांगितला, वर म्हणाले लग्न लावून टाका, आपोआप लायनीवर येतो. मला तिथंच इतका संताप आला, की ज्या पोरीशी लग्न लावायचं तिच्या आयुष्याचं काय हो? कोणाला माहीत नसेल तर सांगते, असं 'बदलून देतो' म्हणणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्येच राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय. म्हणजे तक्रार करता येते. पैसे देऊन गप घरी येऊ नका.

तर हे सेंटर. मॅडमनी पहिल्याच भेटीत भावाला सांगितलं की तुला काही झालेलं नाही, तू जाऊन चहा पिऊन ये, मला यांच्याशी बोलायचंय. बाबा सूतगिरणीत हिशेबाला होते, त्यांना तोंडी काही पटत नाही, कागद लागतो. मॅडमकडं कागद होते. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आपल्या मानसोपचार डॉक्टरांच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं पण २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. बाबा चष्मा लावून सगळं वाचत बसले, मॅडम मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत, हे मला लई आवडलं.

मग बाबांनी मुद्द्याला हात घातला, ते जीन्समध्ये, म्हणजे जनुकांत असतं म्हणतात ते कुठं सापडलंय का? मला वाटलं आता मॅडम गोलगोल काहीतरी सांगतील. नाही. सरळ म्हणाल्या, एक असा 'गे जीन' नाही. २०१९ मध्ये जवळजवळ पावणेपाच लाख लोकांचा अभ्यास 'सायन्स' मासिकात आला, त्यात हेच निघालं की पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि सगळं काही जनुकांवर नसतं. बाबा लगेच, बघा म्हणजे ठरवूनच केलेलं! मॅडम म्हणाल्या, काका, उंचीचा तरी एकच जीन कुठं आहे, म्हणून तुम्ही तुमची उंची ठरवून घेतली का? नेमकं कशामुळं कोण कोणाकडं ओढलं जातं याचं पूर्ण उत्तर शास्त्राकडं अजून नाही, पण ते माणूस निवडत नाही आणि उपचारानं बदलत नाही, उलट बदलायला जाऊन पोरं डिप्रेशनमध्ये जातात, जिवाचं बरंवाईट करतात, एवढं नक्की माहीत आहे. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलं ना, म्हणूनच बाबांचा विश्वास बसला असं मला वाटतं.

पण खरा फरक पडला तो आईत. इतका वेळ ती गप्प होती आणि एकदम रडायलाच लागली. मुलगी हवी होती म्हणून लहानपणी त्याला फ्रॉक घालायचे, वेणी घालायचे, मीच वाटोळं केलं, म्हणून तो असा झाला. इतके महिने बाई हे पोटात घेऊन फिरत होती आणि आम्हाला कोणाला पत्ता नाही! आम्हाला वाटलं ती त्याच्यावर चिडलीय. मॅडम उठून तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, फ्रॉकनं कोणी गे होत नाही, आईच्या लाडानं होत नाही, बापाच्या नाइट शिफ्टनं पण होत नाही, आईबापाच्या वागण्यामुळं असं होतं याला कसलाच पुरावा नाही. हेच त्यांनी तिला परत परत सांगितलं, वेगवेगळ्या शब्दांत, आईनं मान हलवेपर्यंत. निवडीचा वाद टीव्हीवर बसून घालणाऱ्यांना कळत नाही की घरात तो वाद कुठं जाऊन लागतो. निवड म्हणलं की पोरगं गुन्हेगार, आणि संगोपन म्हणलं की आई.

माझं स्वतःचं मत विचाराल तर त्यानं समजा निवडलं असतं तरी त्याचा हक्क कमी होत नाही. धर्म तर माणूस बदलू शकतो, तरी घटनेनं त्याला संरक्षण दिलंय की. पण हे मी आईला सांगून उपयोग नव्हता, तिला आधी तो फ्रॉक मनातून काढायचा होता.

लग्नाचा विषय पुढच्या वेळी निघाला. आई दर संक्रांतीला इथल्या गड्डा यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जाते, संमती कट्ट्यापाशी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या प्रतीकात्मक लग्नात अक्षता टाकल्याशिवाय तिचा सण होत नाही. तिनं विचारलं, माझ्या पोराच्या डोक्यावर अक्षता टाकायला मिळतील का? मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. कार्यक्रम करा, अक्षता टाका, कोणी अडवणार नाही, २०१८ पासून हे नातं गुन्हा नाही. पण कायद्यानं ते लग्न धरलं जाणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा, आणि सिव्हिल युनियनवर, म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याला कायद्यानं मान्यता द्यायची यावर, निकाल तीन विरुद्ध दोन असा विरोधात गेला. फेरविचार याचिका पण जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. बाबा म्हणाले ही परदेशी फॅडं आपल्याकडं कशाला, तर मॅडम म्हणाल्या नेपाळमध्ये २०२३ लाच अशा लग्नाची नोंदणी झालीय, ते काय लांब आहे का.

लोक म्हणतात राहतायत ना एकत्र, मग लग्नाचा कागद कशाला पाहिजे. अहो रात्री अॅक्सिडेंट झाला आणि हॉस्पिटलनं तुम्ही कोण म्हणून विचारलं तर भावाचा पार्टनर काय सांगणार? मित्र? वारसा, पेन्शन, जे मला माझ्या नवऱ्याचं आपोआप मिळतं त्यातलं काहीच त्यांना नाही, आणि टॅक्स मात्र दोघं आमच्यासारखाच भरतात. मला हे मान्य नाही. जॉइंट खातं काढता येतं, नॉमिनी लावता येतो, हे अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय, ते दोघांनी करून घेतलं.

मॅडमनी बाबांना मद्रास हायकोर्टाच्या न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांचं पण सांगितलं, २०२१ मध्ये एका समलैंगिक जोडप्याच्या केसचा निकाल द्यायच्या आधी आपल्याला विषय कळत नाही म्हणून ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडं सेशनला बसले होते. हे बाबांच्या मनाला फार भिडलं. पुढच्या सेशनला ते न सांगता चप्पल घालून तयार.

आता तक्रारी. वेटिंग हॉल एवढासा आहे आणि रिसेप्शनवरची मुलगी नाव आडनाव मोठ्यानं पुकारते, अशा ठिकाणी हे अजिबात बरोबर नाही, मी तोंडावर सांगितलंय. मृत्युपत्र, हॉस्पिटलची संमती असले कायद्याचे तपशील मॅडम देत नाहीत, वकील गाठा म्हणतात, तेव्हा त्याची वेगळी सोय करा. रविवारी बंद, म्हणजे पुण्याहून येणाऱ्यांची पंचाईत. फी ८०० रुपये, पण सव्वा तास झाला तरी घड्याळ बघत नाहीत. मराठी, तेलुगू, कानडी तिन्ही बोलतात, आमच्या आधी शहराच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं एक कुटुंब आलं होतं, आजी तेलुगूतच भांडत होत्या आणि मॅडम तेलुगूतच समजावत होत्या.

पाचपैकी चार स्टार. रिसेप्शनचं सुधारलं की पाचवा देते. फोन करताना संध्याकाळी शेवटची वेळ मागा, गर्दी कमी असते आणि आईला रडायला वेळ मिळतो.