कालवांचे शिंपले गोळा करणारी सेवा: वर्षभराचा अनुभव

आमच्या उपाहारगृहातील कालवांचे रिकामे शिंपले नेणारी ही सेवा आम्ही वर्षभर वापरत आहोत. शिंपल्यांत लिंबाची फोड किंवा कागदी रुमाल गेलेला त्यांना चालत नाही, त्यामुळे ताटे उचलणाऱ्यांना सवय लागेपर्यंत आमच्या बादल्या दोनदा परत आल्या, आणि ते योग्यच होते. नेलेले शिंपले कित्येक महिने उघड्यावर उन्हापावसात ठेवून, मांसाचे अवशेष व रोगजंतू नाहीसे झाल्यावरच ते किनाऱ्यालगतच्या पाण्यात सोडले जातात. कालवांची पोहणारी सूक्ष्म पिल्ले अशाच कठीण पृष्ठभागाला चिकटतात आणि जन्मभर तेथेच वाढतात. तक्रार एकच आहे: गाडी एक दिवस जरी चुकली, तरी झाकणाच्या फटीतून असा वास सुटतो की मागच्या दाराशी उभे राहवत नाही. घट्ट झाकणांच्या बादल्या मागून तीन महिने झाले. अजून मिळालेल्या नाहीत.