चार्टर शाळा, दीड वर्षानंतर: फी शून्य, पण चालत घरी जायला बंदी

खरं तर हे मी सहा महिन्यांनीच लिहिणार होतो. तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता दीड वर्ष झालंय आणि मध्ये मुलाचे आजोबा, आमचे नाना, भारतातून येऊन राहून गेलेत, त्यामुळे सूर वेगळा लागेल.

आम्ही फीनिक्सजवळ चँडलरला राहतो. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र संस्थेने चालवलेली बिनफीची शाळा. ॲरिझोनात १९९४ पासून हा कायदा आहे आणि सरकारी पैशावर शिकणाऱ्या पाच मुलांतलं साधारण एक आता चार्टरमध्ये आहे. प्रवेशाच्या लॉटरीत आमचे चिरंजीव वेटिंगवर एक्केचाळिसावे होते. जुलैअखेर शाळा सुरू व्हायच्या आदल्या शुक्रवारी फोन आला आणि मी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे नेहमीच्या सरकारी शाळेतून नाव काढून मोकळा झालो.

फुकटचं आधी सांगतो. फी शून्य, हे खरं. पण लोगोवाला टीशर्ट एकाच दुकानातून घ्यायचा, आणि देणगीचं 'ऐच्छिक' पत्र दिवाळीपर्यंत तीनदा येतं. मी अडून बसलो होतो. मग एका मित्राने सांगितलं की खेळ, सहली वगैरेंसाठी म्हणून शाळेला दिलं, तर नवरा-बायको मिळून ४०० डॉलरपर्यंतची रक्कम राज्याच्या टॅक्समधून जशीच्या तशी वजा होते. म्हणजे पैसे सरकारचेच, नाव आपलं. दिले. हा मुद्दा मागे घेतो.

आता मुख्य दुखणं. शाळा आमच्या घरापासून ८०० मीटरवर आहे. आठशे! तरी मुलाला चालत आणायला बंदी. ३:१० ला शाळा सुटते. मी २:४० ला गाडी रांगेत लावतो, आरशाला नंबराचा टॅग अडकवतो आणि एसी चालू ठेवून बसतो. रोजचा अर्धा तास, वर्षाचे १८० दिवस, म्हणजे ९० तास. पेट्रोलचा हिशेब केलेला नाही. केला तर झोप लागणार नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये नाना आले. कराडकडच्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले, "तू मीटिंग कर, नातवाला मी आणतो." ४३ डिग्रीत छत्री घेऊन गेले. फाटकावरच्या बाईंनी सांगितलं, मूल फक्त गाडीत सोडतो. नानांनी पासपोर्ट काढून दाखवला. उपयोग शून्य. मला फोन आला. मी मीटिंग सोडून तीन मिनिटांत पोचलो आणि रांगेच्या शेपटाला लागलो. नाना माझ्या गाडीत येऊन बसले. पस्तीस मिनिटांनी आम्ही तिघे ८०० मीटर गाडीने घरी आलो. वाटेत नाना एक शब्द बोलले नाहीत. घरी पाणी प्यायल्यावर म्हणाले, "अरे, मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हवी, असा आपल्याकडे नियम आहे. तो चालत जाता यावं म्हणून आहे."

ऑफिसात विचारायला गेलो. तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांनी खिडकीतून रस्ता दाखवला: सहा लेन, गाड्या ताशी ४५ मैलांनी जातात. शाळा जुन्या दुकानांच्या ओळीत भरते, त्यामुळे डिस्ट्रिक्टच्या शाळेसमोर असते तशी रस्ता ओलांडायची पिवळी पट्टी, १५ मैलांची पाटी आणि थांबा म्हणणारा माणूस इथे नाही. हे मला पटलं. घरी येऊन नानांनाही पटवलं. पण बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या, 'वॉकर'चा, म्हणजे चालत घरी जाणाऱ्या मुलांचा फॉर्म १५ जुलैपूर्वी भरला असतात तर चाललं असतं. म्हणजे जुलैत रस्ता चार लेनचा असतो का? तिथून माझं डोकं फिरलं.

प्रिन्सिपलना तीन ईमेल केले. उत्तर एकच: ही 'चॉइस'ची, म्हणजे तुम्ही स्वतः निवडलेली शाळा आहे, नियम प्रवेशाच्या वेळी मान्य केलेत. मग शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या बैठकीला गेलो. चोवीस तास आधी अजेंडा लावतात, बैठक कामाच्या दिवशी चार वाजता. 'कॉल टु द पब्लिक'मध्ये, म्हणजे लोकांना बोलायला ठेवलेल्या वेळात, मला तीन मिनिटं मिळाली. मी बोललो आणि सगळे गप्प. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर त्यांना चर्चा करता येत नाही, असा ओपन मीटिंगचा कायदाच आहे. शेजारी बसलेल्या नानांना वाटलं, मुद्दाम अपमान केला. त्यांना समजावलं, तर त्यांनी विचारलं, "या बोर्डात पालक किती?" मला माहीत असलेला एकही नाही. "आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन पालक असायचे. डोकं खायचे, पण असायचे." डिस्ट्रिक्टचं बोर्ड निदान निवडून येतं; मत नाही दिलं की पडतं. चार्टरचं बोर्ड संस्थेचं स्वतःचं. त्याच्यावर राज्याचं चार्टर बोर्ड, आणि तिथून परवाना एकदम १५ वर्षांचा मिळतो. छत्रीवाल्या आजोबांसाठी तो कोण रद्द करणार?

दुसरी अडचण भारतवारीची. सलग दहा शाळेचे दिवस विनाकारण गैरहजेरी झाली की नाव पटावरून जातं. नियम डिस्ट्रिक्टलाही तोच, पण ते परत घेतात. इथे जागा वेटिंगवाल्याला. आणि चुलतभावाचं लग्न हे कारण धरत नाहीत, विचारून झालं. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीला जोडून मोजून नऊ दिवस घेतले. लग्न लागलं, सत्यनारायणाला थांबलो नाही. नानांना हे विनोदी वाटतं. त्यांच्या नोकरीत एक मूल कमी झालं की शिक्षक अतिरिक्त ठरायचा; पट टिकवायला ते वस्तीवर जाऊन पोरं गोळा करायचे.

मग तिथे ठेवलंय का? गणिताच्या बाईंमुळे. तिसरीपर्यंत बोटं मोजणारा मुलगा आता अपूर्णांकांची बेरीज तोंडी करतो आणि चुकला तर कुठे चुकला ते स्वतः सांगतो. नानांनी एकदा त्याची वही अर्धा तास चाळली. "बाई चांगल्या आहेत," इतकंच म्हणाले. नानांच्या तोंडून ही मोठी पावती.

पुढच्या वर्षाचा फॉर्म परवा भरला. या वेळी 'वॉकर'समोर खूण केली आणि घ्यायला येणारी व्यक्ती म्हणून नानांचं नाव घातलं. रात्री फोनवर त्यांना सांगितलं. व्हिसा अजून आठ वर्षांचा आहे. म्हणाले, "बघू. नाहीतर यायचं आणि तुझ्याच गाडीत बसायचं."