एपिफानेसचं रब्ड इफेक्ट वार्निश, आमच्या म्हाताऱ्या फ्रीमन २२ बोटीच्या आतल्या महोगनीवर

आधीच सांगते, या मंद झाकेच्या वार्निशचा डबा स्वतःच्या पैशानं घेतलाय आणि घेतल्यावर तो उघडायलाच मला तीन महिने लागले, त्यामुळे या रिव्ह्यूत वार्निशपेक्षा त्याच्या आधीचं रडगाणं जास्त आहे, ज्यांना फक्त घ्यायचं की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी उत्तर: घ्या, पण फक्त आतल्या लाकडाला.

आमची बोट म्हणजे फ्रीमन २२, साठच्या दशकातली, बावीस फुटी, इंग्लंडमध्ये थेम्स नदीवर रेडिंगजवळ बांधून ठेवलेली असते. या बोटी लेस्टरशायरमधल्या हिंकलीला बनायच्या, म्हणजे जिथून समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही अशा गावात, पण त्या नदीसाठीच होत्या त्यामुळे बिघडलं काहीच नाही. बाहेरून फायबरग्लास आणि आत शिरलं की सगळीकडे महोगनी, कपाटं, ड्रॉवर, टेबल, खिडक्यांखालच्या पट्ट्या. नवरा इंजिन बघून भाळला, मी ते लाकूड बघून. फक्त त्या लाकडावर आधीच्या कुणीतरी घरातल्या फरशीचं पॉलियुरेथेन फासलं होतं, जाड, पिवळं, सोललेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटत चाललेलं आणि खिडक्यांच्या जुन्या रबरातून पाणी झिरपून खालच्या प्लायवर काळे डाग.

एका बोटयार्डवाल्यानं बघितलं आणि म्हणाला सगळं उखडून नवीन प्लाय बसवू, आकडा ऐकून आम्ही दोघं चहा प्यायला निघून गेलो. मग ठरवलं आपणच करू. हिवाळ्यात तसंही थेम्सला पाणी वाढलं की लॉकवर, म्हणजे नदीतल्या पाण्याच्या दारांवर, धोक्याच्या लाल पाट्या लागतात, बोट हलवायचा प्रश्नच नसतो.

आता जुनं काढायचं कसं. पहिली चूक, हीट गन. घरातल्या दाराच्या चौकटीला चालते हो, पण इथे महोगनी म्हणजे प्लायवरचा पातळ व्हेनिअर, लाकडाचा पापुद्राच, एक मिलिमीटरसुद्धा नाही, उष्णता लागली की खालचा गोंद मऊ होतो आणि पुरीसारखा फुगा येतो. एका ड्रॉवरच्या दर्शनी भागावर माझा तसा फुगा आजही आहे, सुरीनं रेषेच्या दिशेनं चीर देऊन आत गोंद ढकलून दाबून बसवलाय, पण मला दिसतो. नंतर जेलवालं पेंट रिमूव्हर लावलं, वरून क्लिंग फिल्म गुंडाळली, रात्रभर ठेवलं, सकाळी बोथट स्क्रेपरनं खरवडलं. कंटाळवाणं काम पण व्हेनिअर वाचतो. आणि सँडिंग मशीन अजिबात नको, हातानंच, १८० नंबरचा पॉलिश पेपर आणि लाकडाच्या रेषेतच, कोपऱ्यावर तर हात अगदी हलका, दोन घासे जास्त झाले की खालचा फिकट प्लाय डोकावतो आणि मग रडत बसा.

काळे डाग मात्र घासून जात नाहीत. लाकडातलं टॅनिन, पाणी आणि स्क्रूचं लोखंड एकत्र आलं की ती शाई होते, खरोखरची शाई, ती आत मुरलेली असते. त्यावर उपाय ऑक्झॅलिक ॲसिड. आपल्याकडे मोझेक लादी पॉलिश करणारे वापरतात तेच. कोमट पाण्यात विरघळवून ब्रशनं लावलं, वाळू दिलं, डाग डोळ्यांदेखत फिका पडला, अशी जादू मी घरकामात कधी बघितली नाहीये. पण विषारी आहे, ग्लव्ह्ज हवेतच, नंतर तीनचार वेळा स्वच्छ पाण्यानं पुसून काढायचं आणि वाळल्यावर पेपर मारताना मास्क, कारण उरलेले पांढरे कण नाकात गेले की घसा दिवसभर खवखवतो, विचारू नका मला कसं माहीत.

वार्निश निवडताना व्हिडिओ कॉलवर बाबा मध्ये पडले. माहेर सावंतवाडीचं, लाखेच्या खेळण्यांचं गाव, त्यामुळे त्यांचं एकच म्हणणं, "गो, चपडा मार, असला महागाचा वार्निश कित्याक व्हया?" चपड्याची, म्हणजे लाखेच्या पॉलिशची, झळाळी मलाही आवडते, पण त्याला ओल सोसत नाही, पाणी राहिलं की पांढरा डाग पडतो, आणि बोटीत हिवाळ्यात खिडक्यांना आतून रोज दव धरतं. डॅनिश ऑइलही करून पाहिलं एका फळीवर, लावायला सगळ्यात सोपं, पण दरवर्षी पुन्हा लावा आणि तेलानं भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात, ती उलगडून बाहेर वाळवावी लागतात. बोटीत एवढी काळजी कोण घेणार, आमच्याकडे तरी कुणी नाही.

तर एपिफानेस. हॉलंडमधल्या आल्समेअरची कंपनी, तेच फुलांच्या लिलावाचं आल्समेअर, १९०२ पासूनची. यांचं नेहमीचं चकचकीत क्लिअर वार्निश टंग ऑइल या झाडाच्या बियांच्या तेलावर आधारित आहे, तेही घ्यावं लागतं, कारण रब्ड इफेक्ट हे शेवटचे एकदोन हात मारायचं, खाली चकचकीतचा पाया हवा. पहिला हात निम्मं थिनर घालून, पाण्यासारखा पातळ, महोगनीच्या उघड्या छिद्रांत जिरायला. मग थिनर कमी कमी करत जायचं. मी चकचकीतचे चार हात दिले, प्रत्येकामध्ये एक अख्खा दिवस आणि ३२० चा पेपर. रब्ड इफेक्टमध्ये उन्हापासून संरक्षण नाही म्हणून ते बाहेर चालत नाही, खालच्या चकचकीतमध्ये आहे, खिडकीजवळच्या पट्ट्यांना त्याचाच आधार.

चार हात झाल्यावर केबिन लग्नाच्या हॉलसारखी चमकत होती आणि प्रत्येक चूक दिसत होती, तो फुगा तर पार नदीपलीकडून दिसला असता. मग रब्ड इफेक्टचा हात मारला आणि दुसऱ्या दिवशी आत शिरले तर शांत वाटलं. जुने कारागीर चकचकीत थर दगडाच्या बारीक पुडीनं तेल लावून घासायचे त्या मऊ झाकेची ही नक्कल आहे आणि नक्कल फार चांगली जमलीय, प्लॅस्टिकी वाटत नाही, दिव्याचा उजेड त्यावर पसरतो, टोचत नाही. डबा मात्र हलवू नका, बुडबुडे येतात, काठीनं तळापासून सावकाश ढवळा, चमक कमी करणारा पदार्थ तळाशी बसलेला असतो. मी पहिल्या दिवशी आळस केला, एक दार चकचकीत आणि एक फिकट असं झालं, परत करावं लागलं.

सुटे होणारे सगळे भाग मी घरी आणून स्वयंपाकघराच्या टेबलावर केले, आठवडाभर कांदेपोह्यांना पण थिनरचा वास. जे बोटीतच करायचं ते मार्च संपेपर्यंत थांबून केलं, गारठ्यात आणि दमट हवेत वार्निश पांढुरकं पडतं. आणि बोटीत करणार असाल तर गॅस बंद, हीटर बंद, सगळ्या खिडक्या उघड्या, थिनरची वाफ जड असते, ती खाली बोटीच्या तळाशी जाऊन बसते आणि वर कुणाला पत्ता लागत नाही.

किंमत जास्त आहे, साध्या दुकानातल्या वार्निशपेक्षा खूपच. पण एका बोटीच्या आतल्या भागाला लिटरभरातच झालं, अजून उरलंय. अर्धा डबा ठेवला की वर साय धरते, म्हणून उरलेलं लोणच्याच्या छोट्या बरणीत गळ्यापर्यंत भरून ठेवलंय. रंग अगदी मधासारखा दिसतो, त्यामुळे बरणीवर मोठ्या अक्षरात वार्निश लिहिलंय, मे महिन्यात सासूबाई येणारेत.