सह्याद्रीतल्या मुक्कामाचं छप्पर: शेतकी ताडपत्री, हलकं टार्प की घडीची कॅनॉपी?

पावसाळ्यात डोंगरात मुक्काम टाकायचा तर तंबूच्या आधी छपराचा विचार करावा. तंबूत झोपता येतं, पण ओले बूट काढणं, स्टोव्ह पेटवणं, चौघांनी गोल बसून जेवणं हे सगळं छपराखालीच होतं. बाजारात त्यासाठी तीन गोष्टी मिळतात: हार्डवेअरच्या दुकानातली ताडपत्री, ट्रेकिंगच्या दुकानातलं पातळ कापडाचं टार्प आणि चार पायांची, छत्रीसारखी उघडणारी कॅनॉपी. निकाल आधीच सांगतो. गाडी जिथवर जाते तिथे १२ बाय १२ फुटांची, १५० जीएसएमची ताडपत्री घ्या. पाठीवर न्यायचं असेल तर ३ बाय ३ मीटरचं पॉलिएस्टरचं टार्प. घडीची कॅनॉपी जून ते सप्टेंबर घरीच राहू द्या.

ताडपत्री

दोन जाती आहेत. एक विणीची: प्लास्टिकच्या पट्ट्यांची वीण आणि दोन्ही बाजूंनी पातळ थर. दुसरी बिनविणीची, फिल्मचे थर एकमेकांवर आडवेतिडवे चिकटवलेली. दुकानात ‘सिल्पॉलिन’ मागितली की बहुधा ही दुसरी पुढे येते. मुक्कामासाठी दुसरी उजवी. घडीवर लवकर तडकत नाही आणि एका जागी फाटली तरी फाट सरसर पुढे धावत नाही. विणीच्या ताडपत्रीचा वरचा थर घड्यांवर घासून उडतो आणि पाणी नेमकं तिथून झिरपतं. घेण्याआधी ती उजेडासमोर धरा. घडीच्या रेषेत टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ती परत द्या.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. त्यामुळे खरंखोटं तपासायला दुकानातला तराजू पुरतो. १२ बाय १२ फूट म्हणजे साधारण १३.४ चौरस मीटर. लेबलावर १५० असेल तर ताडपत्रीचं वजन २ किलोच्या आसपास भरलं पाहिजे. दीड किलो भरली तर ती ११० ची आहे, लेबल काहीही म्हणो. मापही जागेवरच मोजून घ्या. छापलेलं माप बऱ्याचदा कापलेल्या तुकड्याचं असतं आणि कडा दुमडल्यावर दोन्हीकडून काही इंच कमी भरतात.

हिचा खरा कच्चा दुवा रिंगा. अ‍ॅल्युमिनियमची रिंग कडेच्या दुमडीत नुसती दाबून बसवलेली असते. वाऱ्याच्या एका हिसक्यात ती निघून येते आणि मागे फाटलेलं भोक उरतं. कोपऱ्याच्या रिंगेला दोरी बांधूच नये. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा कोपऱ्यापासून वीतभर आत, ताडपत्रीच्या खालच्या बाजूने धरायचा. ताडपत्री त्याच्यावर ओढून गोट्याच्या मानेशी पिळायची आणि त्या मानेला दोरीचे दोन वेढे देऊन सुरगाठ मारायची. आता ओढ एका भोकावर येत नाही, गोट्याभोवतीच्या सगळ्या चुण्यांवर वाटली जाते. रिंग नसलेल्या जागीही हीच युक्ती चालते, म्हणून पाख्याच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूच्या, मधोमध तणावा हवा असेल तर तिथेही ती वापरावी. गोटा धारदार मात्र नको.

तक्रारी दोन. रात्रभर वाऱ्यात ती फडफड वाजते, हलकी झोप असणाऱ्याला त्रास होतो. आणि तिची घडी मोठी होते, सॅकच्या आत न बसता बाहेर बांधावी लागते.

हलकं टार्प

इथे लोक पाण्याच्या स्तंभाचा आकडा, म्हणजे किती उंच पाण्याचा दाब कापड न झिरपता सोसतं ते, बघून पैसे मोजतात: १५०० मिमी, ३००० मिमी, ५००० मिमी. छपरासाठी १५०० पुरेसे आहेत. उतरत्या कापडावर पाणी थांबतच नाही, त्याचा दाब कुठून येणार? गळतं ते शिवणीतून. म्हणून आकड्याऐवजी मधली शिवण उलटी करून बघा. पीयू (पॉलियुरेथेन) लेपाच्या कापडात तिच्यावर पारदर्शक टेप चिकटवलेली असते. ती सलग आहे ना, टोकाला सुटलेली नाही ना, हे नखाने तपासा. सिलिकॉन लेपाच्या नायलॉनवर टेप चिकटत नाही. त्याच्या शिवणीला सिलिकॉनचा सीलंट स्वतः लावावा लागतो आणि तो वाळायला एक पूर्ण दिवस द्यावा लागतो.

नायलॉन की पॉलिएस्टर? आपल्याकडच्या पावसासाठी पॉलिएस्टर. नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी ढोलासारखं ताणलेलं नायलॉन मध्यरात्री झोळ घेतं आणि झोळात पाणी साचतं. हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ९ चौरस मीटरच्या टार्पवर २० मिमीची एक सर आली की १८० लिटर पाणी वाहून जायला हवं. त्यातलं चौथाई जरी झोळात अडकलं तरी ४५ किलो वजन मधोमध लटकतं. मग काठी सरकते, शिवण उसवते, नाहीतर सगळं अंगावर येतं. नायलॉन आधीच घेतलं असेल तर पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने उठून सगळे तणावे पुन्हा आवळा.

३ बाय ३ मीटरच्या पॉलिएस्टर टार्पचं वजन बहुधा किलोच्या आत-बाहेर असतं, सिलिकॉन नायलॉनचं साधारण त्याच्या निम्म्याच्या थोडं वर. कडेला कमीत कमी १२ शिवलेले पट्टे आणि मधल्या रेषेत दोन-तीन फास आहेत का ते पाहा. मधल्या रेषेत फास नसतील तर आढं, म्हणजे छपराचा मधला उंच कणा, नीट बसत नाही आणि पाखी वर खेचता येत नाहीत.

सोबत येणाऱ्या सामानावर भरवसा ठेवू नका. सेटमधली दोरी बहुतेक वेळा २ मिमीची असते आणि तिच्यावरची प्लास्टिकची सरकपट्टी ओल्यात घसरते. वेगळी ४ मिमीची पॅराकॉर्ड घ्या, ३० मीटर. तिची तुटण्याची मर्यादा सुमारे २५० किलो असते. पुढचा हिशेब लक्षात घेतला तर इतकी मजबुती जास्त वाटणार नाही: ताशी २० किलोमीटरचा वारा ९ चौरस मीटर कापडावर समोरून आदळला तर जोर साधारण १७ किलो. वारा ४० चा झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे ७० किलोच्या आसपास.

उभारणी

नैऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पावसाळ्यात आढं उत्तर-दक्षिण ठेवा. पश्चिमेचं पाखं जमिनीला टेकवा, म्हणजे झड आत येत नाही. पूर्वेचं वर उचलून तिकडून ये-जा करा. एप्रिल-मेच्या वळवात वारा घटकेत दिशा बदलतो. तेव्हा दोन्ही पाखी खाली घ्यावीत.

३ बाय ३ चं आढं १२० सेंटीमीटरवर बांधलं आणि कडा ३० सेंटीमीटरवर ठेवल्या तर आत २.४ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब जागा मिळते. दोघं सामानासह ऐसपैस झोपतात. वारा वाढला तर आढं ९० सेंटीमीटरवर आणून कडा जमिनीला लावा. रुंदी तेवढीच राहते, उतारही तोच, फक्त वाऱ्याचा खालून शिरकाव बंद होतो. हा बदल पाच मिनिटांत करता यावा म्हणून कुठेही निरगाठ मारू नये. एका टोकाला बोलाइन (न आवळणारा, पण सहज सुटणारा फास) आणि दुसऱ्या टोकाला ट्रकवाले माल आवळताना मारतात ती गाठ, तिचा शेवट सुरगाठीने. टार्पची दोन टोकं आढ्याच्या दोरीवर प्रुसिक नावाच्या सरकत्या गाठीने धरा: ४ मिमीच्या दोरीवर २ मिमीच्या दोरीचे तीन वेढे. ढकललं की सरकतं, ओढलं की पकडतं. प्रुसिकची दोरी मूळ दोरीएवढी जाड घेतली तर पकड बसत नाही.

झाडं नसतील तर दोन बांबू. प्रत्येक बांबूला दोन तणावे, उलट्या व्हीसारखे फाकवून. बांबू जितका उंच, निदान तितक्या अंतरावर मेख. मेख जवळ ठोकली तर ओढ वरच्या दिशेने जाते आणि ती उपटून येते. चुकतं ते बहुतेक इथेच, जागा वाचवण्याच्या नादात. क्रम असा ठेवा: आधी आढं, मग वाऱ्याकडची कड, शेवटी आडोशाची. उलट केलं तर कापड हातात शिडासारखं फुगतं.

आपल्या डोंगरावर मेख जाईल याची खात्री नाही. चार बोटं माती, खाली काळा पाषाण. अ‍ॅल्युमिनियमची बारीक मेख तिथे वाकते. मुरमात ८ इंची लोखंडी खिळा बरा, डोक्याखाली वायसर घालून, म्हणजे दोरी वर निसटत नाही. कातळावर दगडच वापरावा, पण नुसता दगडाला वेढा मारून नाही. दोरी नारळाएवढ्या लहान दगडाला बांधायची आणि टार्पच्या बाजूने त्याच्या पुढ्यात, दोरीवरच, दोन हातांनी उचलावा लागेल असा मोठा धोंडा ठेवायचा. ओढ आली की लहान दगड धोंड्याला अडकतो. धोंड्याखाली दोरीला फडक्याची घडी द्या, नाहीतर बेसॉल्टची धार तिला रात्रभरात कापते. कोकणातल्या पुळणीवर मेखेऐवजी वाळू भरलेली पिशवी हातभर खोल पुरायची. गडावर असाल तर तटबंदीच्या सांध्यात मेख ठोकू नका आणि पाण्यासाठी चर खणू नका. संरक्षित स्मारकात खोदकाम कायद्यानेही बंद आहे. चर लागूच नये अशी किंचित उंचवट्याची जागा निवडावी.

पाऊस लागल्यावर दोरीवरून ओघळ थेट आत येतो. टार्पपासून चार बोटं बाहेर, दोरीला सुतळीचा वीतभर तुकडा बांधून लोंबता सोडा. पाणी सुतळीवर वळतं आणि तिच्या टोकावरून टपटप खाली पडतं, पागोळीसारखं. सुतळी कोरडी असताना बांधलेली बरी. ओली, फुगलेली सुतळी नीट आवळली जात नाही.

मोठ्या ताडपत्रीला मध्ये टेकू द्यायचा झाला तर काठीच्या टोकावर करवंटी पालथी घाला. काठीचं टोक ताडपत्री फोडतं, करवंटीचा घुमट फोडत नाही. शिवाय एक कोपरा बाकीच्यांपेक्षा हातभर खाली बांधून ठेवा. पाणी कुठून पडायचं ते आपण ठरवलेलं बरं. त्या कोपऱ्याखाली पातेलं ठेवलं की भांडी घासायच्या पाण्याचीही सोय होते.

स्टोव्ह पेटवायचा तर निदान दोन बाजू उघड्या आणि छप्पर डोक्याच्या वर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्लास्टिकची ताडपत्री १३० अंशांच्या आसपास वितळते आणि वितळलेले थेंब अंगाला चिकटतात. बंद पाख्यांच्या आत चूल किंवा शेगडी कधीही नको.

घडीची कॅनॉपी

१० बाय १० फुटांची, लोखंडी सांगाड्याची कॅनॉपी १५ ते २५ किलोची असते. दोघांनी पाय धरून बाहेर ओढले की उभी राहते, हा तिचा एकमेव मोठा गुण. थंडीत पवनेच्या काठी किंवा घराच्या अंगणात ती छान. पण छत जवळजवळ सपाट असल्याने पाणी कोपऱ्यांशी साचतं आणि कात्रीसारख्या पट्ट्यांचे प्लास्टिकचे सांधे त्या वजनाने तुटतात. एक पट्टी वाकली की सांगाडा पुन्हा पूर्ण मिटत नाही. घ्यायचीच असेल तर सांधे धातूचे आणि पट्ट्या सुट्या मिळतात का ते आधी विचारा. प्रत्येक पायाला २० लिटरचा पाण्याने भरलेला कॅन बांधा, तरीही जोराचा वारा सुटल्यावर तिला उभं ठेवू नका. बाजूचे पडदे वाऱ्याकडे लावले तर ती सरकते, म्हणून लावलेच तर फक्त आडोशाकडे.

घरी आल्यावर पीयू लेपाचं टार्प त्याच दिवशी सावलीत वाळत घाला, दोन्ही बाजूंनी. ओलं गुंडाळून पिशवीत ठेवलं तर लेप चिकट होतो, आंबूस वास धरतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. एकदा हे सुरू झालं की दुरुस्ती नाही. ताडपत्रीला एवढे लाड लागत नाहीत. चिखल धुवा, गोट्यांच्या जागी पांढऱ्या रेघा पडल्या असतील तर पुढच्या खेपेला गोटे चार बोटं सरकवून बांधा.