उन्हात छापायचा कागद: आठ महिने वापरल्यावर

डिसेंबरात लेकीच्या आठव्या वाढदिवसाला हा कागद आणला. आता ऑगस्ट चालू आहे. दोन पाकिटं संपली, तिसरं अर्धं वाया गेलं.

कागदावर लोहाच्या क्षारांचा लेप असतो. त्यावर पान किंवा फूल ठेवून तो उन्हात धरायचा आणि मग पाण्यात धुवायचा. ऊन लागलेल्या जागी धुतल्यावर प्रशियन निळा हा गडद रंग उमटून कागदात मुरतो आणि झाकलेल्या जागचा लेप पाण्यात धुऊन जातो. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी याच पद्धतीने समुद्रशैवालांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. पूर्वी इमारतींचे नकाशेही असेच, निळ्यावर पांढऱ्या रेघांचे छापत; नकाशाला ब्लूप्रिंट म्हणतात ते यामुळेच. हे कळल्यावर लेकीने बाबांकडे घराचा नकाशा मागितला. तो काळ्या रेघांचा निघाला म्हणून हिरमुसली.

पहिले चार-पाच ठसे आमचे पुसटच आले. जास्वंदीचं फूल जाड, पाकळ्या कागदाला टेकत नाहीत, मग खालून उजेड शिरतो आणि कडा धूसर होतात. गच्चीवरचा वारा वेगळाच. शेवटी जुन्या फोटोफ्रेमची काच वर ठेवून कपड्यांचे चिमटे लावले. ताजी पानं काचेखाली घामेजतात आणि कागदावर डाग पडतात, म्हणून आता आदल्या रात्री ती वर्तमानपत्रात दाबून ठेवतो. सगळ्यात सुरेख ठसा आला शेपूच्या काडीचा. भाजी निवडता निवडता लेकीनेच ती बाजूला काढली होती. केसाएवढा एकेक धागा सुटा उमटला!

दुपारी बाराच्या उन्हात दोन-तीन मिनिटं पुरतात. निळसर कागद फिकटत जवळजवळ पांढरा झाला की उचलायचा आणि थेट परातीतल्या पाण्यात टाकायचा. तिथं सगळं उलटं होतं: पांढरं होतं ते निळं पडत जातं, पानाची निळी सावली पांढरी होते. शेजारची दोन्ही मुलं परातीवर डोकी टेकवून हे बघतात, आणि दर वेळी तितकीच गप्प होतात. वाळल्यावर निळा आणखी गडद होतो. साबणाचा हात मात्र लागू देऊ नका, रंग उडून पिवळट डाग राहतो.

तक्रार एकच, पण मोठी. पावसाळ्यात तिसरं पाकीट दमट हवेनं खराब झालं. धुतल्यावर पांढरा भागही निळसरच राहू लागला. पाकिटावर याबद्दल एक ओळ नाही. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं नाही. उघडलेलं पाकीट काळ्या पिशवीसकट हवाबंद डब्यात ठेवायला हवं होतं. पुढचं आणेन ते दसऱ्यानंतर, आणि लहानच.