ताऱ्याचं लायसन्स, पासपोर्ट की ग्रीनकार्ड? अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानप्रवासासाठी काय निवडावं

अमेरिकेत देशांतर्गत विमानात चढायला साधं लायसन्स आता चालत नाही; तारा छापलेलं 'रिअल आयडी' लायसन्स किंवा दुसरं मान्य ओळखपत्र लागतं. त्या 'रिअल आयडी'चा कायदा २००५ चा आणि पहिली मुदत मे २००८ ची. ती वाढतच गेली. कोविडमुळे ऑक्टोबर २०२० ची ऑक्टोबर २०२१ झाली, पुढे मे २०२३, मग मे २०२५. म्हणून 'आणखी एकदा वाढेल' या भरवशावर अनेकजण थांबून राहिले. पण ७ मे २०२५ पासून अंमलबजावणी सुरू झाली. १ फेब्रुवारी २०२६ पासून तर चालणारं ओळखपत्र नसेल, तर ओळख पडताळून घ्यायला ४५ डॉलर भरावे लागतात. ते दहा दिवसांपुरते, आणि भरूनही आत सोडतीलच याची हमी नाही.

तरी प्रत्येकानं डीएमव्ही, म्हणजे लायसन्स देणारं राज्याचं कार्यालय, गाठायला हवं असं मुळीच नाही.

भारतीय पासपोर्ट सुरक्षा तपासणीला चालतो. भारतातून आलेल्या आई-बाबांना दुसरं काहीच लागत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना देशांतर्गत विमानासाठी ओळखपत्र मागत नाहीत. पासपोर्टचा धोका हरवण्याचा आहे. त्यातला व्हिसा अमेरिकेत राहून परत मिळत नाही, त्यासाठी देशाबाहेर जाऊन नव्यानं अर्ज करावा लागतो. शिवाय पासपोर्ट नूतनीकरणाला दिला की तेवढे दिवस हात रिकामे.

ग्रीनकार्डवाल्यांनी खरं तर ताऱ्याचा विचारच करू नये. १८ वर्षांवरच्यांनी ते कार्ड जवळ बाळगणं कायद्यानंच बंधनकारक आहे, मग तेच दाखवावं. वर्क परमिटचं कार्डही चालतं. नागरिक झालेल्यांना पासपोर्ट कार्ड सोयीचं: ३० डॉलर, पहिल्यांदा काढताना वर ३५. मात्र त्यावर परदेशी विमानप्रवास होत नाही.

ताऱ्याच्या लायसन्सचा खरा फायदा नोकरीच्या एच-वन बी आणि विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावाल्यांना आहे. पासपोर्ट घरी सुरक्षित राहतो, सोबत आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीची) छापील प्रत ठेवली की झालं. अर्जाला पासपोर्ट, आय-९४, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि पत्त्याचे दोन पुरावे लागतात. तपशील राज्यागणिक बदलतात, म्हणून आपल्या डीएमव्हीची यादी आधी पाहावी.

आपल्या लोकांचं घोडं बहुधा नावापाशी अडतं. पासपोर्टवर नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर नुसतं पहिलं नाव, असं असेल तर आधी ते सारखं करून घ्यावं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर विवाहाचा दाखला न्यावा. लायसन्सची मुदत अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या मुदतीला बांधलेली असते. एक्स्टेन्शनचा अर्ज पडून असेल, तर तो मंजूर झाल्यावरच जावं, नाहीतर थोड्याच महिन्यांचं कार्ड हाती पडतं. काउंटरवर मिळणारा तात्पुरता कागद विमानतळावर चालत नाही. खरं कार्ड टपालानं येतं, त्यामुळे प्रवासाच्या निदान दोन महिने आधी अर्ज करावा.

यातलं काहीही निवडा, तिकिटावरचं नाव त्याच कार्डावरून उतरवा.