अंबडमध्ये मापाप्रमाणे करवून घेतलेला पिंजरा आणि धास्तावलेला कॉकाटील : आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

गेल्या ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपला मी स्टेनलेस स्टीलच्या पिंजऱ्याचे काम सांगितले. तो घरी येऊन आता आठ महिने होत आले आहेत. अभिप्राय लिहायला मी मुद्दाम इतका वेळ घेतला, कारण ज्याच्यासाठी पिंजरा घेतला त्या मनूची माणसांबद्दलची भीती कमी होण्यात या पिंजऱ्याचा किती वाटा आहे, हे त्याआधी सांगता आले नसते.

मनू हा करड्या रंगाचा नर कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला पोपटवर्गातील लहान पक्षी आहे; बाजारात त्याला सर्रास कॉकटेल म्हणतात. आमच्या ओळखीच्या एका घरी तो चार वर्षे गॅलरीतील हातभर लांबीच्या पिंजऱ्यात होता. तेथे दोन्ही पंख पसरायला जागा नव्हती, खाण्याला केवळ सूर्यफुलाच्या बिया मिळत, आणि सफाईच्या दिवशी कोणीतरी त्याला मुठीत पकडून बाहेर काढत असे. आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या छातीवरची पिसे त्याने स्वतःच उपटून टाकलेली होती, उडण्याची पिसे कात्रीने कापलेली होती, आणि हात नुसता उचललेला दिसला तरी तुरा डोक्याला चिकटवून तो फुत्कारत कोपऱ्यात सरकत असे. पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांनी तपासणी करून आहार बदलून दिला आणि एक गोष्ट बजावून सांगितली : पहिले दोन महिने तुमचा हात पिंजऱ्याच्या आत जाता कामा नये.

ही सूचना ऐकायला सोपी असली तरी बाजारातील बहुतेक पिंजऱ्यांत ती पाळणे अशक्य असते. दाणापाण्याची भांडी आत अडकवलेली असतात आणि खालचा ट्रे काढताना पिंजऱ्याचा तळच मोकळा होतो. पक्ष्याला ज्या हाताची सर्वाधिक धास्ती असते, तोच हात दिवसातून चार वेळा त्याच्या एकमेव आसऱ्यात शिरतो, आणि मग आपण म्हणतो की पक्षी माणसाळत नाही. म्हणून मी कागदावर आकृती काढून वर्कशॉपमध्ये नेली. दाणा, पाणी आणि पाला यांच्या तीन वाट्या बाहेरूनच फिरवून भरता याव्यात, आणि जाळीखालचा ट्रे वरच्या भागाला धक्का न लावता ओढता यावा, अशी माझी मागणी होती. कारागिरांनी या वाट्यांसाठी केलेल्या फिरत्या चौकटी अतिशय नेटक्या उतरल्या आहेत. आठ महिन्यांत त्यातील एकही सैल झालेली नाही, आणि पहिले दोन महिने खरोखरच आम्हा कोणाचाही हात आत गेला नाही.

पिंजरा छत्तीस इंच रुंद, चोवीस इंच खोल आणि तीस इंच उंच असून गजांमधील अंतर अर्धा इंच आहे. कॉकाटीलला उंचीपेक्षा रुंदी अधिक उपयोगी पडते, कारण तो हेलिकॉप्टरसारखा सरळ वर न उडता आडवा झेपावतो. मागची बाजू आणि डावी बाजू अखंड पत्र्याने बंद करून घेतली. वर्कशॉपच्या मालकांना ही मागणी आधी विचित्र वाटली आणि मला ती दोनदा समजावून सांगावी लागली. कॉकाटील हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, थव्याने राहणारा आणि शिकारी पक्ष्यांचे भक्ष्य होणारा जीव आहे. चारही बाजूंनी उघड्या पिंजऱ्यात त्याला सतत मान वळवून पहारा द्यावा लागतो. पाठीशी भिंत असली की भीती एकाच दिशेने येते, आणि त्या दिशेला बसलेल्या माणसाकडे तो शांतपणे पाहू शकतो. नव्या पिंजऱ्यात आल्यावर तिसऱ्या रात्री मनूने झोपण्यापूर्वी चोच घासण्याचा तो बारीक करकर आवाज काढला. स्वस्थ असलेला पक्षीच असा आवाज काढतो, आणि आमच्या घरात तो आम्ही प्रथमच ऐकला.

स्टीलविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. स्वस्त पिंजऱ्यांच्या तारांवर जस्ताचा मुलामा असतो, आणि पोपटवर्गातील पक्षी चोचीने तार चावत चढतात, त्यामुळे ते जस्त पोटात जाऊन विषबाधा होऊ शकते. येथे ३०४ दर्जाचे स्टील वापरले असून त्यावर रंग दिलेला नाही. बसण्यासाठी मी एकसारख्या जाडीचे दांडे नाकारले आणि पेरूच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या बसवता येतील असे स्क्रू मागितले, कारण एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यावर वर्षानुवर्षे बसल्याने पक्ष्यांच्या तळव्यांना जखमा होतात. मनूच्या तळव्यांची लाली आता पूर्ण गेली आहे.

सर्वांत उपयोगी ठरले ते पुढचे मोठे दार. ते खाली उघडून आडव्या फळीसारखे स्थिर राहते. जानेवारीपर्यंत मी रोज सकाळी पिंजऱ्यापासून आठ फुटांवर खुर्ची ठेवून हलक्या आवाजात वर्तमानपत्र वाचत असे. तुरा सैल असेल तर दुसऱ्या दिवशी खुर्ची वीतभर पुढे घ्यायची आणि चपटा झाला तर मागे, एवढाच नियम होता. मग राळ्याचे कणीस गजांतून आत सारून त्याचे दुसरे टोक बाहेरून धरून बसू लागले. अकरा दिवस त्याने त्याकडे पाहिलेही नाही. बाराव्या दिवशी त्याने मान लांब करून एक दाणा टिपला आणि लगेच मागे पळाला. फेब्रुवारीच्या मध्यावर मी फळी उघडून तिच्या टोकाला तळहात उताणा ठेवू लागले, आणि एका दुपारी तो स्वतः चालत आला, कणसापर्यंत पोहोचण्यासाठी त्याने एक पाय माझ्या बोटांवर ठेवला आणि खाऊन परत आत गेला. मी हात हलवला नाही. डोळ्यांतले पाणी पुसायलाही नाही. आजवर आम्ही त्याला एकदाही पकडून बाहेर काढलेले नाही. दार उघडणे आमच्याकडे आणि येणे न येणे त्याच्याकडे, ही व्यवस्था या फळीमुळे शक्य झाली.

आता त्रुटी. पिंजरा दिवाळीपूर्वी देण्याचे तोंडी कबूल झाले होते, तो तीन आठवडे उशिरा मिळाला. एरवी मी हे लिहिले नसते, परंतु त्या दिवाळीच्या फटाक्यांत मनू जुन्याच पिंजऱ्यात होता. अंधारात दचकून बेफाम फडफडण्याची सवय कॉकाटीलमध्ये पुष्कळ आढळते. त्या रात्री त्याची शेपटीची दोन पिसे तुटून रक्त आले आणि मिळवलेला थोडासा विश्वास पुन्हा शून्यावर गेला. दुसरी त्रुटी कडीची. स्टीलवर स्टील आपटून होणाऱ्या खट्ट आवाजाने तुरा प्रत्येक वेळी चपटा होई. रविवार कारंजावरून रबरी चकत्या आणून मी तो आवाज बंद केला, पण हे काम वर्कशॉपमध्येच व्हायला हवे होते. दोन सांध्यांवर वेल्डिंगची टोके राहिली होती. ती मात्र कळवताच एक कारागीर घरी येऊन घासून देऊन गेला आणि त्याने पैसे घेतले नाहीत. पक्ष्यापासून दूर, जिन्यात पत्रा नेऊन घासण्याची माझी विनंतीही त्याने मनापासून पाळली.

किंमत साडेअठरा हजार रुपये पडली. ती कमी नाही, परंतु कॉकाटील नीट सांभाळल्यास पंधरा ते वीस वर्षे जगतो आणि हे स्टील तेवढे टिकेल असे दिसते. चाके भक्कम असल्यामुळे पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर हलवता येतो. फार तापलेल्या नॉनस्टिक भांड्याची वाफ पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. सासूबाईंनी तर मनूसाठी संध्याकाळचा धूपही गच्चीवर नेला आहे. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतील थंडीत तीन बाजूंनी जाड चादर टाकावी लागते, कारण आच्छादन पिंजऱ्यासोबत मिळत नाही.

वर्कशॉपमध्ये असताना एक गृहस्थ आपल्या हिरव्या पोपटासाठी असाच पिंजरा विचारत होते, म्हणून स्पष्ट लिहिते : आपल्याकडचे देशी पोपट घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असा पोपट घरी असेल तर त्याच्यासाठी पिंजरा मोठा करण्याऐवजी वन विभागाशी संपर्क साधावा.

दुसरा पिंजरा करायचा झाल्यास मी याच वर्कशॉपमध्ये जाईन, मात्र मुदत लेखी घेईन, कडीला सुरुवातीपासून रबर लावून मागेन आणि दाराची फळी चार इंच अधिक लांब करून घेईन, कारण हल्ली मनू तिच्या टोकाशी येऊन बसतो आणि त्याला वळायला जागा पुरत नाही.